प्रश्न क्रमांक सात

छापील फॉर्मवर माणसांनी आजवर जी काही खरी माहिती भरली असेल, तिच्यातली निम्मी एकट्या माझ्या बायकोच्या मामांनी भरली आहे, असं मी शपथेवर सांगेन. फॉर्म भरताना आपण सगळेच थोडे सैल असतो. उंचीत एक इंच वाढवतो, वजनात चार किलो कमी करतो, ‘अन्य माहिती’समोर आडवी रेघ मारून मोकळे होतो. मामांना रेघ चालत नसे. साताऱ्याला वजनमापे खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून ते इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते, आणि सरकारने जागा रिकामी ठेवली आहे म्हणजे सरकारला तिथे काहीतरी हवं आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. ऑकलंडच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरले तेव्हा, बरोबर काय काय आणलंय ते लिहायच्या कार्डावर जागा पुरेना म्हणून त्यांनी पुरवणी जोडली. पुरवणीत मेतकूट होतं, सुपारी होती, ‘पितळी वजन, ५०० ग्रॅम, प्रमाणित, नग एक’ होतं आणि सर्वात शेवटी ‘चपलांच्या तळाला साताऱ्याची माती, अंदाजे दोन ग्रॅम’. आम्ही बाहेर दोन तास ताटकळत उभे. आत एका अधिकाऱ्याने त्यांच्या चपला घासून, धुऊन, पुसून परत दिल्या. मामा बाहेर आले ते न्यूझीलंडचे भक्त होऊनच. “सरकारनं स्वतः माझ्या चपला धुतल्या,” असं ते पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते.

आम्ही तेव्हा माउंट रॉस्किलमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. मी एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, बायको हॉस्पिटलात नर्स, मुलगी सात वर्षांची. हिचे वडील लवकर गेले, त्यामुळे हिला मामांनीच वाढवलं आणि लग्नही त्यांनीच लावून दिलं. मामी गेल्यावर त्यांना काही महिने इकडे आणायचं आमचं कधीचं चाललं होतं. आल्यावर आठवड्याभरात त्यांनी सगळ्या परिसराचा ताबा घेतला. कोपऱ्यावर एक डेअरी आहे; इथे दूध, पेपर, बटाटे आणि गोळ्याबिस्किटं विकणाऱ्या दुकानाला डेअरी म्हणतात. तिथल्या काट्यावर मामांनी आपलं पितळी वजन ठेवलं, तर काटा पाचशेचे चारशे शहाण्णव दाखवत होता. “अहो, तुमचं नुकसान होतंय,” हे त्यांनी गुजराती मालकाला इतक्या कळवळ्याने सांगितलं, की तो त्यांना रोज कोथिंबिरीची जुडी फुकट देऊ लागला. मामा ती घेत नसत आणि मालक ठेवून घेत नसे, त्यामुळे ती आमच्या टपालपेटीत सापडे. रस्त्याने जाताना ते प्रत्येकाला ‘किया ओरा’ असा इथला माओरी नमस्कार करत, कुत्रं फिरवणाऱ्याला आणि कुत्र्यालाही. मुलगी त्यांच्या चार पावलं पुढे चालायची. “मामाआजोबा टॉक्स टु एव्हरीवन,” अशी तिची तक्रार होती. “मग काय, निवडून निवडून बोलू?” मामा विचारायचे.

त्यातून त्यांना शोध लावायची खोड. कुकरच्या शिट्ट्या मोजायला त्यांनी मण्यांची एक पाटी केली होती. तिच्यात अडचण एवढीच होती, की प्रत्येक शिट्टीला मणी सरकवायला कुणीतरी शेजारी उभं राहावं लागे. दूध उतू जाण्याआधी टणटण वाजणारी पळीही त्यांनी केली होती. ती वाजायची, पण दूध उतू गेल्यावर. “निदान खात्री पटते,” मामा म्हणायचे.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्यांचा सर्वात मोठा शोध माझ्यावर लागला. त्या वर्षी मी पोकी खेळत होतो. पबच्या मागच्या खोलीत ती जुगाराची मशीन्स ओळीने मांडलेली असतात. नोट सरकवायची, बटण दाबायचं आणि पडद्यावर फिरणारी चित्रं जुळायची वाट बघायची. शुक्रवारी साडेपाचला दुकान बंद झालं की मी तिथे जाऊन बसे. घरी सांगे, आज स्टॉकटेक आहे, दुकानातला माल मोजायचाय. हिल्सबरोला स्वतःचं घर घ्यायचं म्हणून आम्ही दोघं साठवत होतो, त्यातला मोठा हिस्सा त्या मशीनच्या पोटात गेला होता आणि हिला त्याचा पत्ता नव्हता. दिवसभर मी लोकांना गोळ्या वेळेवर घ्या म्हणून बजावत असे आणि संध्याकाळी हे करत असे. मला लाज वाटायची. लाज वाटली की मी आणखी तासभर बसायचो.

मामांना मधुमेह होता, त्यामुळे फिरायला निघाले की वाटेतली सगळी टॉयलेट्स त्यांना पाठ. एका शुक्रवारी त्यासाठीच ते त्या पबमध्ये शिरले. माझ्या खांद्यावर हात पडला आणि मागून आवाज आला, “जावईबापू.” मामा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मशीन वरून पाहिलं, खालून पाहिलं, वाकून मागे पाहिलं आणि विचारलं, “याला पडताळणीचा शिक्का कुठे असतो?” मग शेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी माझा खेळ संपेपर्यंत लेमनेड प्यायलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “मी पोरीला आपणहून सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. पण कुणी लेखी विचारलं, तर मी खोटं लिहिणार नाही.” घरापर्यंत पुढे ते मशीनबद्दलच बोलत राहिले.

पुढच्या शुक्रवारी मी पोचलो तर मामा माझ्याआधी हजर. समोर लेमनेड, मांडीवर वही, हातात घड्याळ. त्यांचं म्हणणं असं, की वजनकाट्यात खोट असली तर ती माणसाला दिसत नाही, म्हणून कुणीतरी मध्ये येऊन काटा थांबवावा लागतो. या मशीनला मध्ये थांबवणारंच कुणी नाही. तेव्हा दर पंधरा मिनिटांनी माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि कुठल्या प्रश्नाने हात थांबतो ते बघायचं. प्रयोग अर्थातच माझ्यावर. “जावईबापू, किती वाजले?” मी सांगितलं आणि बटण दाबलं. वहीत नोंद झाली: प्रश्न क्रमांक एक, परिणाम शून्य. “भूक लागली का?” शून्य. “आज घरी भाजी काय असेल?” शून्य. “इथवर किती गेले?” या प्रश्नाला तर मी जास्त जोरात खेळायला लागलो, ते त्यांनी लाल शाईने लिहिलं. बारवरच्या माणसाला वाटलं, हे जुगार खात्याचे कुणी साहेब असावेत. त्याने भीत भीत विचारलं, सगळं ठीक आहे ना. “स्वीट अ‍ॅज,” मामा वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास.

सातवा प्रश्न तिसऱ्या शुक्रवारी आला. मामांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि अगदी कोरड्या सरकारी आवाजात विचारलं, “तुम्ही इथे आहात, हे घरी माहीत आहे का?” माझा हात बटणावर होता. तो तिथेच राहिला. पडद्यावरची चित्रं थांबली, नवी फिरली नाहीत. मामांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ती माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं: अकरा सेकंद. त्या दिवशी मी उठलो आणि आम्ही दोघं चालत घरी आलो. पुढच्या दोन्ही शुक्रवारी तेच झालं.

यावर दुसरा कुणी खूश होऊन स्वस्थ बसला असता. मामा काळजीत पडले. “ऑक्टोबरात माझा व्हिसा संपतो,” ते म्हणाले. “मग तुम्हाला कोण विचारणार? मशीननंच विचारलं पाहिजे.” आणि मशीनने विचारायचं, तर आधी पेटंट घ्यायला हवं, म्हणजे उद्या कुणी हा प्रश्न चोरून त्यात फेरफार करणार नाही. शहरात एक पेटंट वकीलबाई पहिला अर्धा तास फुकट सल्ला देत. मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. बाई मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी समजावलं, की खेळाचे नियम म्हणजे शोध नव्हे, नुसती युक्ती म्हणजेही शोध नव्हे. जुगाराची मशीन्स करणाऱ्या कंपन्यांचेसुद्धा कितीतरी अर्ज याच मुद्द्यावर अडतात. मशीन स्वतः काहीतरी नवं करत असेल, तर गोष्ट वेगळी. “तुमचं मशीन प्रश्न दाखवतं,” त्या म्हणाल्या, “पण त्याचा तांत्रिक परिणाम काय?”

“माणूस उठून घरी जातो,” मामा म्हणाले.

बाईंनी ते वाक्य समोरच्या कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, परिणाम फार चांगला आहे, पण तो माणसात होतो, मशीनमध्ये नाही. पेटंट ऑफिस मशीनमधला परिणाम विचारेल. मामांनी त्यांचे आभार मानले, बाहेर येऊन फॉर्म मिळवला आणि अर्ज स्वतःच भरला. सोबत एकवीस पानांचं वर्णन, सहा आकृत्या आणि प्रयोगाच्या वहीची नक्कल. त्यांचं इंग्रजी साताऱ्याच्या कचेरीतलं होतं, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद ‘सविनय निवेदन’ करूनच सुरू होत होता. ‘शोध लावणाऱ्यांची नावं’ या रकान्यात त्यांनी काय लिहिलं, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

उत्तर एका शनिवारी सकाळी आलं. पाकिटावर दोन नावं होती, मामांचं आणि माझं. टपाल बायकोने फोडलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. मामा मटार सोलत होते, मुलगी कार्टून बघत होती. हिने पत्र उभ्यानेच वाचलं. “मामा, जुगाराचं मशीन? आणि यात याचं नाव कसं काय?”

“रकाना होता,” मामा म्हणाले. “कल्पना माझी, पण शोध यांच्यावाचून लागला नसता. खोटं कसं लिहू?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाकीचं जावईबापू सांगतील.” मटाराची परात बाजूला ठेवून त्यांनी मुलीला जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालायला सांगितलं आणि तिला घेऊन बागेत निघून गेले.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, घराच्या पैशांसकट. ही ओरडली नाही. खुर्चीवर बसून तिने एकच विचारलं, “शुक्रवारी?” मी म्हटलं, शुक्रवारी. “आणि मी तुझ्यासाठी जेवण झाकून ठेवत होते. स्टॉकटेक करून दमून येशील म्हणून.” मग ती लाँड्रीत जाऊन कपडे धुवायचं मशीन सुरू करून रडली. मला ऐकू येऊ नये म्हणून केलेलं ते, पण येत होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि इतकं वाईट मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बँकेचं कार्ड माझ्याकडून मागून घेतलं, आणि मग बोलली.

ते पत्र मी पुढे नीट वाचलं. पेटंट ऑफिसातल्या तपासनिसाने फार सौजन्याने लिहिलं होतं. मशीन इथे केवळ मजकूर दाखवतं. ठरावीक वेळाने प्रश्न विचारण्याचं हे काम एखादी व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीसाठी कुठल्याही यंत्राविना करू शकते. सबब हा पेटंट देण्याजोगा शोध नाही. मला वाटलं, मामा खट्टू होतील, अपील करतील, आणखी चाळीस पानं लिहितील. ते पत्र तीनदा वाचून प्रसन्न झाले. “साहेबांनी लेखी दिलंय,” ते म्हणाले. “याला यंत्र लागत नाही. माणूस पुरतो.” चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, वरून आलेला लेखी निकाल त्यांना शिरोधार्य होता. ऑक्टोबरात निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी भाचीला समोर बसवून रीतसर चार्ज दिला. कागदावर लिहिलं होतं: वही एक, प्रश्न क्रमांक सात, वापर शुक्रवारी आणि गरजेनुसार. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. हिला हसू आवरेना आणि रडूही. सही मात्र तिने नीट, पूर्ण नावाने केली.

हिल्सबरोचं घर आम्हाला चार वर्षं उशिरा मिळालं. मधल्या काळात इथल्या पोकी मशीन्सवर एक नवी सोय आली. मला ती दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितली: खेळ मध्येच आपोआप थांबतो आणि पडद्यावर मजकूर येतो. मी त्याच संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. म्हटलं, मामा, तुमचा शोध त्यांनी लावला.

“काय विचारतं मशीन?” मामांचा आवाज एकदम इन्स्पेक्टरचा झाला.

“किती वेळ खेळलात, किती गेले, आणि पुढे खेळायचंय का.”

“घरचं काही विचारत नाही?”

“नाही.”

“मग ते आपलं नव्हे,” मामा म्हणाले. “तक्रार नाही. पोरीला द्या फोन.”

त्याच वर्षीच्या थंडीत मामा गेले. त्यांच्यामागे फार काही नव्हतं, आणि जे होतं त्याची पक्की यादी होती. पबच्या मागच्या त्या खोलीत मी पुन्हा गेलो नाही, पण जावंसं वाटलंच नाही, असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. तसं वाटलं की मी दुकानाचं शटर ओढून गाडीत बसतो आणि घरी फोन करतो. म्हणतो, दुकानापाशी आहे, निघतोय. इतकी वर्षं झाली, हे सांगायची तशी काही गरज राहिलेली नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी ती हातातलं काम टाकून फोन उचलते, ऐकून घेते आणि म्हणते, “बरं, ये.”