खडूचा गोल

"कोनापाशी बसते वं तू?"

पेशंटचा हात त्या आधी स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायच्या, नाडीवर बोटं ठेवायच्या आणि घड्याळाकडे न बघता हे विचारायच्या. पुरुष असला तर, "कोनापाशी बसता जी?" ताप, खोकला, जुलाब, सगळं त्यानंतर. नाडी खरंच मोजली जायची की नाही, देव जाणे.

आम्ही त्यांना नर्सबाई म्हणायचो. तुमच्याही गावच्या दवाखान्यात अशा एक बाई असतील. हातात छत्री, खांद्याला लसीचा डबा आणि नोकरीची वर्षं सगळ्या डॉक्टरांपेक्षा जास्त. मी तिथे औषधं देणारा. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आम्ही दोघं भंडाऱ्याच्या वाट्याला आलो आणि पुढे काही वर्षांनी पवनीकडच्या या दवाखान्यात भेटलो. मी भंडाऱ्यातल्या विणकराच्या घरचा, त्या दिघोरीच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. माझी क्वार्टर तिथून तीस पावलांवर.

दवाखान्याजवळ नवं गाव वसलं होतं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून सगळ्यांना इथे प्लॉट मिळाले. भांडण नको म्हणून चिठ्ठ्या काढल्या. कोणीतरी घरचा पाणी भरायचा पितळी गुंड आणला, त्यात नंबर टाकले आणि ज्याच्या हाताला जो लागला तो त्याचा. अगदी न्यायाने झालं. फक्त भिंतीला भिंत लावून जन्म काढलेली माणसं सहा सरळ गल्ल्यांमध्ये विखुरली. याचा विचार गुंडाने करायला हवा होता, असं काही कुणाला म्हणता येईना.

वर्षभरात माझ्या खिडकीपुढची रांग वाढली. जीव घाबरते, झोप नाई येत, हातपाय गळून गेल्यावानी वाटते. डॉक्टर गोळी लिहायचे, मी पुडी बांधायचो. "रोज एक, झोपताना." बाई बाजूला उभ्या राहून पुटपुटायच्या, "गोळीनं झोप येईन भाऊ. पन उठल्यावर बोलन कोन?"

"बाई, शेजार गोळीत मिळत नाही."

"मंग तुमचं दुकान काय कामाचं?"

पोलिओच्या फेरीत दारावर खडूने खुणा करतात, तो खडू त्यांच्या पर्समध्ये बारमाही असायचा. ज्या घरात कुणी दिवसभर एकटं बसून असे, त्या दारावर त्या एक लहानसा गोल काढत. मग रस्त्यात भेटेल त्या बाईला सांगत, "गोल दिसला का आत जाय. पानी माग. पानी पेल्यावर लगेच उठू नोको." एकदा वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, ही कसली खूण? बाई म्हणाल्या, "साहेब, येथं मानूस एकटा हाये. याची लस आली का जी?" साहेब पुढच्या दाराकडे वळले.

जुन्या गावात सरसताबाई आणि वेणूबाई या दोन म्हाताऱ्यांचं अंगण एक होतं. चाळीस वर्षं दोघी एकाच ओट्यावर बसून लाखोरीची भाजी खुडत आल्या. चिठ्ठीने एकीला पहिल्या गल्लीत, रस्त्यालगत टाकलं, दुसरीला सहाव्या गल्लीच्या टोकाला. दोघींचे गुडघे गेलेले. सरसताबाईंनी आधी बोलणं सोडलं, मग जेवण. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. तिथे गोल काही कामाचा झाला नाही. त्यांना कुणीही नको होतं, वेणू हवी होती.

बाईंनी मग घरांची अदलाबदल घडवून आणली. वेणूबाईंच्या शेजारचा एक जण रस्त्याकडेला यायला तयार झाला, सरसताबाईंचा मुलगाही हो म्हणाला. कागद कुणी केला नाही. चहा झाला, बैलगाडीतून सामान हललं. आठ दिवसांत सरसताबाई ओट्यावर, मांडीत भाजी. बाई मला मुद्दाम तिथे घेऊन गेल्या. "पाहा भाऊ, तुमची गोळी सुटली." त्या दिवशी त्या हसल्या तशा मी त्यांना पुन्हा हसताना पाहिलं नाही.

दोन वर्षांनी रस्ता डांबरी झाला, एसटी थांबू लागली. सरसताबाईंच्या मुलाकडे शेती उरली नव्हती. रस्त्याकडेचा प्लॉट कागदावर अजून त्याच्याच नावाचा, तिथे पानठेला टाकला असता तर घर चाललं असतं. त्याचंही चुकलं म्हणवत नाही. अदलाबदलीत तिथे राहायला आलेला तो सोडेना. बोलाचाली झाली, मग काठ्या निघाल्या. शेवटी ठरलं, कागदावर आहे तसं. ज्याने त्याने आपापल्या जागी जावं.

बाई मुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तू जाय बापा. मायले राहू दे वेनूबाईपाशी."

"माय लोकाच्या घरी ठेवू? गाव काय म्हनन मले?"

रस्त्याकडेच्या घरी परत आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी सरसताबाई काठी टेकत घरातून निघाल्या आणि जुन्या गावाच्या वाटेने गेल्या. ती वाट पुढे पाण्यात उतरते. दुसऱ्या दिवशी सापडल्या. पाय घसरला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

पण दोष द्यायला कुणीतरी लागतं. धरणाला देऊन झाला होता. "बाईनंच कालवलं सारं," लोक म्हणू लागले. "नसती हलवली त म्हातारीले सवय झाली असती." ज्या बाया गोल बघून घरोघरी आत जायच्या, त्याच आता बाईंना लसीपुरतं दारात उभं करत. पाणी कुणी विचारीना. याहून वाईट म्हणजे बाईंना ते पटलं होतं. "झालीच असती ना भाऊ सवय?" त्यांनी मला एकदाच विचारलं. मी "असं काही नसतं" वगैरे बोललो आणि पुड्या बांधत राहिलो.

पेशंटला तो प्रश्न विचारणं बंद झालं. नाडी त्या आता घड्याळ बघून मोजायच्या.

एक दिवस रांग संपल्यावर त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आल्या, पेशंट उभे राहतात तिथे. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. झोपेची गोळी. मी पुडी बांधली, "रोज एक, झोपताना," म्हणालो. त्या जरा वेळ तिथेच थांबल्या. मला जेवायला जायचं होतं, मी खिडकी लावून घेतली. त्यांचा प्रश्न मला तोंडपाठ होता. तो मी त्यांना विचारला नाही, याची मला आजही लाज वाटते.

रिटायर झाल्या तेव्हा निरोपालाही थांबल्या नाहीत. सकाळच्या एसटीने दिघोरीला भावाकडे गेल्या. क्वार्टर ताब्यात घ्यायला मला पाठवलं. खोली झाडून ठेवलेली, खिळ्याला छत्री राहिलेली. कडी बसते का पाहायला मी दार आतून लावलं. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या खाली, खडूचा गोल होता. बाहेरून कुणाला दिसू नये असा. एकदाच काढलेला नव्हता, रोज त्याच रेघेवरून खडू फिरवून जाड झालेला होता.

गोल दिसला का आत जाय, पानी माग. मी आत तर होतो. पाणी द्यायला कुणी नव्हतं.