मुंग्या गुडघ्यांमुळे नव्हत्या

डॉक्टरीणबाईंनी रबराची छोटी हातोडी सुधीरच्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही हलला नाही. मग घोटे, मग कोपर, मग मनगट. कुणीतरी दार ठोठावतंय आणि घरात कुणीच नाही, तसं चाललं होतं. सुधीर माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसला.

"गुडघ्यांना काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला गिलन-बारे सिंड्रोमचा संशय आहे. आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट करा. घरी जाऊन बॅग आणतो वगैरे नको."

"अहो, गुडघे टेकून टेकून मुंग्या आल्यात त्याला," मी म्हटलं. "एखादा चांगला बाम लिहून द्या ना."

खरंच, असंच म्हटलं मी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अ‍ॅडमिशनचा कागद लिहायला घेतला.

गिलन-बारे, म्हणजे जीबीएस. रोगजंतूंशी लढायला शरीरात जी फौज असते, ती चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. नसा नादुरुस्त झाल्या की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि मग ते वर चढत जातं. पुष्कळदा आधी जुलाब किंवा ताप होऊन गेलेला असतो. सुधीरला जुलाब झाले होते. थांबले, आणि आम्ही ते विसरूनही गेलो.

आता गुडघ्यांचं सांगते, नाहीतर म्हणाल बाई वेडी आहे की काय.

आम्ही मुलुंडचे मराठी ख्रिस्ती. ईस्टरच्या आधी आमचा उपवासकाळ असतो आणि त्या दिवसांत रोज संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. वन-बीएचकेमध्ये तीस माणसं. बायका पलंगावर, म्हाताऱ्या सोफ्यावर आणि पुरुष लादीवर गुडघे टेकून. बाकीचे पुरुष जरा वेळाने हळूच मांडी घालतात. सुधीर नाही घालायचा. पहिल्या गीतापासून शेवटच्या आमेनपर्यंत गुडघ्यावर. आमच्या चर्चमधल्या लीलामावशी तरुण पोरांना सांगायच्या, "सुधीरकडे बघा रे. याला म्हणतात प्रार्थना." मग काय, साहेबांची कॉलर टाईट.

त्यामुळे पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा आम्ही त्या सरळ गुडघ्यांच्या नावावर टाकल्या. मी म्हटलं, उशी घे रे. तर म्हणे, "असू दे गं, काहीतरी सोसल्यासारखं वाटतं." एका संध्याकाळी त्याला लादीवरून उठताच येईना. दोघांनी काखेत धरून उभं केलं. दुसरीकडे कुठे माणूस असा उठेनासा झाला, तर लोक रिक्षा बोलावतात. आमच्याकडे, केवढी ही प्रार्थना म्हणून, सगळे "हालेलुया" म्हणाले. मीसुद्धा म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर तो जो कोसळला, तो उठलाच नाही; तसाच उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेला.

हॉस्पिटलमध्ये नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. नसांना बारीक विजेचे झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते बघतात. मग लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढून तपासणं. संशय खरा ठरला. लगेच आयव्हीआयजी सुरू केलं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं सलाइनमधून देतात, म्हणजे ती बिथरलेली फौज शांत होते. मला वाटलं, औषध सुरू झालं, आता उतार पडेल. कसलं काय! डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन त्याला एका दमात आकडे मोजायला लावायच्या. आदल्या दिवशी जिथपर्यंत जायचा, त्याच्या निम्म्यावर दुसऱ्या दिवशी अडायचा. "छातीचे स्नायू थकतायत," डॉक्टर म्हणाल्या. "श्वास बंद पडायची वाट बघायची नाही. आजच व्हेंटिलेटरवर घेऊ."

आठवड्यापूर्वी हा माणूस भाजीच्या पिशव्या घेऊन तीन मजले चढत होता. व्हेंटिलेटरच्या संमतीपत्रावर सही करताना पेन कागदावर टेकलं, तरी माझं नावच मला आठवेना. आमची मुलगी स्नेहल अंधेरीहून ऑफिस टाकून धावत आली होती. ती म्हणाली, "आई, रूथ लिही." तेव्हा लिहिलं.

सुधीर कसा माणूस आहे ते तुम्हाला माहीत असायला हवं. त्याला प्रत्येक गोष्टीत बोध सापडतो. आमच्या चर्चच्या तरुण संघाला तो शनिवारी पिक्चर दाखवायचा आणि ऐन मोक्याला रिमोट दाबून उभा राहायचा. मित्राने हिरोच्या वाट्याची गोळी छातीवर घेतली, की पॉज. "बघा, दुसऱ्यासाठी जीव दिला. कोण आठवतं?" घर सोडून गेलेला मुलगा शेवटी बापाच्या दारात आला, की पॉज. पोरं ओरडायची, "अंकल, प्ले करा ना यार!" घरीही तेच. कुकरच्या शिट्टीत बोध, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बोध. मी वैतागून म्हणायचे, अरे, मला नुसता भात खाऊ दे.

आणि आता तो माणूस नळ्या घालून निपचित पडला होता. चेहऱ्याचे स्नायूही गेले. पापण्या मिटेनात, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर ओली पट्टी ठेवलेली. मी सिस्टरला विचारलं, बेशुद्ध आहे का? ती म्हणाली, "नाही काकू. यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. फक्त हलता येत नाही." हे ऐकून मी जास्त हादरले. जिवंत माणूस स्वतःच्या शरीरात कोंडून पडलाय आणि बाहेर आपण त्याच्या तब्येतीच्या गप्पा मारतोय!

चर्चची माणसं भेटायला यायची. प्रेमानेच यायची, पण एकाच पासावर आळीपाळीने आत जाऊन त्याच्या कानाशी काय वाट्टेल ते बोलायची. "ही परीक्षा आहे, सुधीर." "प्रभू तुला काहीतरी शिकवतोय." एक भाऊ तर म्हणाले, पिक्चरमध्ये नाही का, हिरो शेवटच्या पाच मिनिटांत उठतो? त्या पट्टीखालून पाण्याचा ओघळ आला. माझं डोकंच फिरलं. त्या भाऊंना बाहेर काढलं आणि लीलामावशींना सांगितलं, "यापुढे आत जायचं तर हात धरायचा आणि गप्प बसायचं. बोध द्यायचा असेल तर मला द्या. मला उलट बोलता येतं, त्याला येत नाही." मावशींचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि खरंच नुसता हात धरून बसल्या.

गुड फ्रायडे जवळ आला. त्या दिवशी आमच्याकडे दुपारची तीन तासांची उपासना असते. येशू वधस्तंभावरून जी सात वचनं बोलला, त्यांवर सात जण बोलतात. वाटण्या आधीच झालेल्या असतात. सुधीरच्या वाट्याला पाचवं आलं होतं, 'मला तहान लागली आहे' हे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फोन करून अडखळत विचारलं, "रूथताई, ते दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, नको, मी बोलते. का म्हटलं, देव जाणे. आयुष्यात कधी व्यासपीठावर चढले नव्हते.

त्या सकाळी मी आयसीयूत होते. सुधीरचे ओठ फुटून खपल्या धरल्या होत्या. मी सिस्टरला म्हटलं, चमचाभर पाणी देऊ? "अजिबात नाही. गिळता येत नाही त्यांना, पाणी फुप्फुसात जाईल." तिने कापसाचा ओला बोळा दिला. मी तो त्याच्या ओठांवरून फिरवला आणि पुन्हा वाटीत ठेवला. पाण्याची बाटली माझ्या पर्समध्ये होती. हात घातला असता तर मिळाली असती, आणि देता येत नव्हती.

दुपारी चर्चमध्ये मी तेच सांगितलं. म्हटलं, इतकी वर्षं या वचनावर मी ऐकत आले, ही आत्म्यांची तहान, ही प्रीतीची तहान. असेलही. पण मला आज एवढंच कळलंय की येशूचं तोंड कोरडं पडलं होतं. वधस्तंभाखाली त्याची आई उभी होती. तिला ऐकू येत होतं आणि तिचा हात पोचत नव्हता. आपण सगळे वर बघतो. मी आज पहिल्यांदा तिच्या शेजारी उभी राहिले. उतरले आणि येऊन बसले. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदके देत होतं.

आता खरं सांगते, मनातून मी ईस्टरवर, येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला त्या रविवारवर, टपून होते. लोकांना ओरडले, पण मीही त्यांच्यातलीच ना! रविवारी पहाटे सुधीरचं बोट हलेल, मॉनिटर वेगळा वाजेल, सिस्टर पळत येईल, असं सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. रविवारी सकाळी सिस्टर आली, पण ताप चढला म्हणून सांगायला. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला होतो तसा न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाल्या, "पुढचे काही दिवस नाजूक आहेत. मी खोटी आशा देणार नाही." बाहेर नवे कपडे घातलेली आमची माणसं ईस्टरचा केक घेऊन उभी होती. मी त्या केककडे बघत राहिले. मला रडूसुद्धा येईना. देवा, तुझा तिसरा दिवस झाला ना, मग हे काय?

उत्तर आलं नाही. अँटिबायोटिक्स बदलली. गळ्याला छिद्र पाडून श्वासनळीत नळी बसवली, त्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. तोंडातली नळी निघाली, ओठ तरी मोकळे झाले. ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला. मी देवाशी बोलणं बंद केलं होतं, फक्त जाता-येता त्याला टोमणे मारायचे. पाळकसाहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "टोमणे म्हणजे बोलणंच झालं ना, ताई?" मला राग आला आणि हसूही आलं.

मग एका अगदी साध्या मंगळवारी फिजिओथेरपिस्ट म्हणाला, खांदा थोडा उचलतायत. मला काही दिसलं नाही. त्याला दिसलं. पुढे मान, मग पापण्या. जीबीएस चढताना भराभर चढतो आणि उतरताना जीव काढतो. व्हेंटिलेटर आधी काही मिनिटं बंद, मग तासभर, मग दिवसभर. ज्या दिवशी गिळण्याची तपासणी पार पडली, त्या दिवशी थेरपिस्टने त्याला चमच्याने पाणी पाजलं. सुधीरने ते किती वेळ तोंडात धरलं होतं! सगळा पावसाळा फिजिओथेरपीत गेला. घरी आला तो व्हीलचेअरवरून. मग वॉकर आला. अजून बोटांत पूर्ण जोर नाही. शर्टाची बटणं मी लावते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही सुरू झालं, दोन्ही पायांना मुंग्या, पाय जड, जिना चढवेना आणि ते वर सरकतंय असं वाटलं, तर कृपा करून कारणं शोधत बसू नका. देवाने दिलेलं असो की गुडघ्याने, आधी हॉस्पिटल गाठा. प्रार्थना रिक्षातही करता येते. आणि माणूस व्हेंटिलेटरवर असेल, तर त्याच्या डोक्याशी उभं राहून काहीही बरळू नका. तो ऐकतोय.

ज्यांनी आळीपाळीने डबे आणले, ज्यांनी स्नेहलला जबरदस्तीने घरी झोपायला पाठवलं, ज्या सिस्टरने त्याच्या पापण्यांत न कंटाळता मलम घातलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. काहींची तर मला नावंही माहीत नाहीत.

गेल्या महिन्यात सुधीर पहिल्यांदा चर्चला आला. आजारातून उठलेल्या माणसाने पुढे येऊन साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपलं काय केलं ते सांगायचं, अशी आमची रीत. तो वॉकर सरकवत पुढे गेला तेव्हा चर्च गच्च भरलं होतं. तरुण संघाची पोरं पहिल्या रांगेत. सगळ्यांना वाटत होतं, एवढ्या मोठ्या दुखण्यातून हा काय बोध घेऊन आलाय कुणास ठाऊक. मलाही वाटत होतं. घरी विचारलं तर सांगत नव्हता.

तो म्हणाला, "आत पडल्या पडल्या मी खूप शोधलं. काही सापडलं नाही."

आवाज अजून घोगरा आहे त्याचा, सगळे कान देऊन ऐकत होते.

"प्रार्थनाही जमत नव्हती. एक वाक्य धड पुरं व्हायचं नाही. डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे दिवस की रात्र तेही कळायचं नाही. वाटायचं, प्रभू मला सोडून गेला." तो थांबला. दम लागला होता. "मग दाराबाहेर भांडण सुरू व्हायचं. 'एकच पास म्हणजे काय? माझा नवरा आहे तो! आधी तुमच्या साहेबांना बोलवा!' रोज. एक दिवस चुकला नाही. ते कानावर पडलं, की मी मनात म्हणायचो, आमेन."

सगळं चर्च हसलं. लीलामावशी तर डोळे पुसत हसत होत्या. मला मात्र धक्का बसला होता. आयसीयूच्या दारावरच्या वॉचमनशी रोज पासावरून घातलेली हुज्जत मी घरी कुणालाही सांगितली नव्हती, लाज वाटायची. मी पदरात तोंड लपवून रडत बसले. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला सुरुवात केली, रांग माझ्या बाकापर्यंत आली, तरी मला उठता येईना. शेवटी सुधीरच वॉकर घेऊन परत आला आणि म्हणाला, "चल गं."