भिडेनं घेतलेलं मशिन

आमचे हे फौजेतून पेन्शनीवर आले तेव्हा आमची पोरगी त्यांना पाव्हणं म्हणायची. "आवं पाव्हणं, पानी देऊ का?" असं विचारायची आणि पळून जायची. घरात सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मला ते लागायचं. लग्न झाल्यापासून हा माणूस रजेवर ट्रंक घेऊन यायचा आणि रजा संपली की ट्रंक घेऊन जायचा. आता कायमचा आला होता, आणि याला परत जाऊ द्यायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण थांबवायचं कशाच्या जोरावर? रान होतं, ऊस होता, पण ते दीर मंडळी नीट सांभाळत होती. ह्यांनी त्यात घुसून करावं असं तिथं काही उरलं नव्हतं. आणि फौजी माणूस महिनाभर नुसता बसून राहिला की घरादाराला कवायत शिकवायला लागतो. तांब्या इथं का, चप्पल तिथं का. शेजारच्या गावचा एकजण असाच पेन्शनीवर आला, वैतागला आणि पहाऱ्याची नोकरी धरून आसामकडं निघून गेला. त्याच्या बायकोचं तोंड मला बघवत नव्हतं.

मशिनची कल्पना ह्यांचीच. फौजेत हे डोंगरात रस्ते करणाऱ्या पलटणीत होते, चेनवरची यंत्रं चालवण्यात आयुष्य गेलेलं. इकडं दुष्काळ सरला होता आणि कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत जो तो नदीवरून पाइपलाइन आणायच्या मागं लागला होता. चर खोदायला माणसं मिळत नव्हती. "एक बारकं मशिन असलं न्हवं," हे म्हणायचे, "चेनवर चालणारं, फुडं बकेट आसलेलं, की बसायला सवड मिळायची न्हाई." नवं घ्यायची ऐपत नव्हती. पेन्शनीतली काही रक्कम एकदम हातात आली होती, तिच्यात बसेल ते जुनं बघायचं होतं.

तसं एक सांगलीला एका जैन व्यापाऱ्याकडं आहे असं कळलं. गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढून मीही बरोबर गेले. सगळी पुंजी जिथं घालायची ते बघायला नवरा जाणार आणि मी घरी भाकरी थापत बसणार, हे मला जमणारं नव्हतं. मशिन कालव्याच्या कामावरून आलेलं. रंग उडालेला, बसायची गादी फाटलेली, दिसायला अगदी दरिद्री. मी तोंड वाकडं केलं.

ह्यांनी आधी इंजिनाला पालथा हात लावला. "गार हाय," म्हणाले आणि खूश झाले. मला कळेना यात खूश होण्यासारखं काय. मग सांगितलं, लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन चालवून गरम करून ठेवतो, म्हणजे त्याच्यापुढं ते अडत नाही. मग खाली वाकून चेन ताणून बघितली, चेनीखालचा एकेक रोलर हातानं चाचपला. पांढराशुभ्र सदरा काळाकुट्ट झाला. शेवटी मशिन चालू करून बकेट मातीनं भरली, उंच उचलली, आणि तशीच वर ठेवून इंजिन बंद केलं. "चला, च्या घेऊ," म्हणाले.

आम्ही चहा घेतला, भजी खाल्ली. व्यापाऱ्यानं त्याच्या गुडघेदुखीची सगळी कथा ऐकवली. परत आलो तर बकेट होती तिथंच, वर. हे माझ्याकडं बघून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार वेळा बघितलं नव्हतं. "बकेटीचं दट्टं ठणठणीत हायत," म्हणाले, "न्हाईतर एवढ्या वेळात बकेट खाली आली आसती. रंगाचं काय, रंग आपुन दिऊ." पुढच्या आठवड्यात येऊन व्यवहार करतो असा शब्द देऊन आम्ही निघालो. त्या दिवशी मला सांगली फार आवडली.

घरी जाताना वाटेत विट्याला धाकट्या नणंदेकडं उतरलो, आणि तिथंच सगळं बिनसलं. चहा घेताना ह्यांनी तिच्या सासऱ्यांना सांगलीच्या मशिनची हकिगत सांगितली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग भाईर कशाला हिंडताय, पाव्हणं? आपल्या परड्यात हाय की उभं. त्येच घेऊन जावा." त्यांची मुलं सोनं गाळायच्या धंद्यात लांब दक्षिणेत गेली होती. त्यांनी घेतलेलं मशिन चालवायला आता घरात कुणी नव्हतं.

ह्यांचा चेहरा क्षणभर पडला, तो मी बघितला. पण बहिणीच्या लग्नाला ह्यांना रजा मिळाली नव्हती, आणि त्या लग्नात मानपानावरून थोडी कुरकुर झाली होती. त्याचं ओझं हे तेव्हापासून वाहत होते. आता व्याही आपणहून देतोय आणि नको म्हटलं, तर उद्या बहिणीला बोलणी बसतील. हे म्हणाले, "चालतंय की. घरचंच हाय."

सगळे परड्यात गेले. मशिन कडब्याच्या गंजीशेजारी उभं. रंग बरा होता. सासरे म्हणाले, "चालवून तरी बघा." हे म्हणाले, "बघायचं काय त्यात?" ते पुन्हा म्हणाले, "तसं न्हवं, एकदा बघून घ्या." तर हे हात जोडून, "पाव्हणं, लाजवू नका." ज्या माणसानं सांगलीला सदरा काळा होईतो रोलर चाचपले, त्यानं इथं मशिनला बोटसुद्धा लावलं नाही.

मी चुलीपाशी जाऊन नणंदेला हळूच विचारलं, "वन्सं, मशिन बरं हाय न्हवं?" तिची सासू तिथंच बसलेली. नणंद परातीतल्या पिठाकडं बघत म्हणाली, "चालतंय की." बाहेर तिच्या सासऱ्यांनी किंमत इतकी कमी सांगितली की ह्यांना भरून आलं. व्याही असावा तर असा, म्हणाले.

परतताना एस्टीत मी म्हटलं, "आवं, एकदा चालवून बघाया पायजे हुतं." हे कधी आवाज चढवायचे नाहीत, तेव्हा चढवला. "व्याह्याच्या दारात मशिनच्या पोटाखाली शिरू व्हय? आनि तिनं फुडं त्या घरात कसं ऱ्हायाचं?" सांगलीच्या व्यापाऱ्याला नको म्हणून निरोप गेला.

मशिन ट्रकवरून घरी आलं, पूजा झाली, नारळ फुटला. पहिलंच काम गावच्या पाइपलाइनचं होतं. काळ्या रानात शिरलं आणि चेन उतरली. चढवली की वळताना पुन्हा उतरायची, रोलर पार झिजलेले. भरलेली बकेट वर उचलली की आपोआप खाली यायची. सुटे भाग मुंबईलाही मिळेनात. लोक चार दिवस थांबले, मग कुदळी घेऊन स्वतःच चरात उतरले. हे मशिनवर बसून ते बघत होते. मी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावर उभी होते आणि मला रडू आवरेना.

तो उन्हाळा रेटला, पुढचाही. पैसा सगळा दुरुस्तीपायी त्या मशिनच्या पोटात गेला. मग एक दिवस ह्यांनी ट्रंक झाडून उन्हात ठेवली, आणि मला सांगावं लागलं नाही. आसामकडचीच नोकरी. सांगलीचं ते दरिद्री मशिन मलकापूरच्या कुणीतरी घेतलं होतं. कऱ्हाडला बाजाराला जाताना रस्त्याकडेला ते चर खोदताना दिसायचं, वर्षानुवर्षं. मी एस्टीत तोंड फिरवून बसायचे.

नणंदेचे सासरे वारले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती आमच्याकडं राहायला आली होती. सोप्यात दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. बोलता बोलता मशिनचा विषय निघाला आणि ती सहज म्हणाली, "वैनी, त्ये तर भंगारात काढलं हुतं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा हुता."

मी म्हटलं, "मग दिलं कशाला?"

"मामंजी रीत म्हणून बोललं. दारात आलेल्याला जेवा म्हणतो तसं. त्यांना वाटलं, दादा फौजेत मशिनंच चालवतोय, बघंल आनि नगं म्हनंल. चालवून बघा, चालवून बघा म्हणून किती इनवलं. दादानं बघितलंच न्हाई. मग शब्द मागं कसा घ्याचा? भंगाराच्याच भावात दिलं. त्या दिवशी मामंजी जेवलं न्हाईत."

"आनि नगं म्हटलं आसतं तर तुमाला तरास झाला आसता?"

"मला? कशाचा तरास? सुटली आसती की सगळी."

मला तिचा राग आला, तिच्या मेलेल्या सासऱ्यांचा आला, ह्यांचा तर फारच आला. एक माणूस भिडेनं देतो म्हणाला, दुसरा भिडेनं घेतो म्हणाला, आणि माझा संसार त्या दोघांच्या मध्ये चेपला. असलं सभ्यपण काय चुलीत घालायचंय? त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे नोकरी संपवून घरी आल्यावर बरेच दिवस मी ते पोटात ठेवलं. मग एकदा जेवताना सांगून टाकलं. हे घास हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं चिडतील, किंवा हसण्यावारी नेतील. त्यांनी घास ताटात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "मग मी कुणापायी गेलो गं?"

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. पोरगी सासरी गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो.