आधी आग, मग गाडी

सौंदडच्या केवळराम टेंभऱ्यांना देवाने बरेच काही दिले होते. तळ्याच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी, धानाच्या पोत्यांचा बरा चाललेला व्यापार आणि सुमित्राबाईंसारखी कमी बोलणारी बायको. एवढ्यावर थांबायचे सोडून देवाने त्यांना शब्दकोडी सोडवायची बुद्धीही दिली. सोडवून ते गप्प बसले असते तरी गावाची तक्रार नव्हती. पण सुटलेले कोडे दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. दुसरा म्हणजे ज्याला वेळेवर पळता आले नाही तो.

कोडे नागपूरच्या एका साप्ताहिकात यायचे. सरळ अर्थ विचारणारे नव्हे. सूत्र एक सांगायचे आणि उत्तर भलतेच निघायचे. शब्दाचे तुकडे जोडायचे, मुंडके उडवायचे, उलटे टांगायचे, असला तो सज्जनांचा विरंगुळा. अंक गोंदियाहून छोट्या गाडीने यायचा आणि पोती चढवायच्या निमित्ताने केवळराम फलाटावर हजर असायचे. पोती हमाल चढवत. मालक तिथल्याच मुन्नालालच्या चहाच्या दुकानात बसून अक्षरे चढवत.

एकदा सूत्र होते: ‘पहिल्या सुरामागे गाढव उभे केले, चहा गोड झाला.’ केवळरामांनी ते दोन घोटांत सोडवले आणि मुन्नालालला धरले. पहिला सूर सा. गाढवाला संस्कृतात म्हणतात खर. सा आणि खर मिळून साखर. मुन्नालालने शांतपणे विचारले, की साखर सरळ साखर म्हणून मिळत असताना मध्ये गाढव कशाला आणायचे. केवळरामांनी पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात केली. तेव्हा मुन्नालालला एकदम पटले, कारण दूध उतू जायला लागले होते.

असेच चालले असते, पण बेचाळीस साल उजाडले. त्या पावसाळ्यात देशात ठिकठिकाणी रूळ उखडले जात होते, तारा तुटत होत्या. सौंदडला काहीच झाले नव्हते आणि सरकारला त्याचीच जास्त काळजी होती. म्हणून साध्या वेषातला एक शिपाई फलाटावर बसवला गेला. वेष साधा होता, पायातले बूट मात्र सरकारी. तो कोण आहे हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होते. एकट्या केवळरामांना वाटले, नवा माणूस आहे, याला अजून कोणी काही समजावलेले नाही.

ते त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आधी आग लावाची, मंग मांगून गाडी जोडाची. सायेबाचा प्रवास होते. समजलं का?”

शिपायाला समजले. त्याने मान हलवली.

“आता दुसरं आयका. सरकारचं मुंडकं उडवलं, तं मांगं काय उरन?”

याचे उत्तर शिपायाला येत होते. मागे फाशी उरते. तो उठून तारघराकडे गेला. इतका चांगला श्रोता मधेच उठून गेल्याचे केवळरामांना वाईट वाटले. संध्याकाळच्या आत तो आणखी चार श्रोते घेऊन परत आला.

ठाण्यावर फौजदारांनी त्यांना समोर उभे केले आणि म्हणाले, “सगळं नीट समजावून सांग. काही वगळू नकोस.”

केवळरामांच्या उभ्या आयुष्यात असे वाक्य त्यांना कोणी म्हटले नव्हते. ते एक पाऊल पुढे सरकले. त्यांनी सांगितले की आग आणि गाडी जोडली की आगगाडी होते, आगगाडीने साहेब प्रवास करतो, यात कोणाचेच नुकसान नाही. सरकारमधला पहिला स काढला की उरतो रकार.

फौजदारांची लेखणी थांबली. “हा रकार कोण?”

“र ले रकार मनतात, सायेब.”

“त्याचं पूर्ण नाव सांग. राहतो कुठे?”

केवळरामांना वाटले, सोपे उदाहरण घेतले पाहिजे. म्हणून त्यांनी त्याच अंकातले तिसरे सूत्र ऐकवले: ‘उलटा टांगला तरी नरमला नाही.’ उत्तर कडक. उलटीकडून वाचले तरी कडकच. फौजदारांनी लिहून घेतले, की आरोपी मारहाणीला भीत नाही.

दुसऱ्या दिवशी सुमित्राबाई बैलगाडीने भाताचा डबा घेऊन आल्या. फौजदारांना काय सांगितले, एवढेच त्यांनी नवऱ्याला विचारले. खरे ते सगळे सांगितले, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, “मंग आता नाई सुटत तुमी.” पदराने डोळे पुसून त्या परत गेल्या.

त्या म्हणाल्या तसेच झाले. केवळरामांना भंडाऱ्याच्या तुरुंगात पाठवले. तिथे खरे राजबंदी होते, शिकलेले, धीराचे. चांगले श्रोते मिळाले म्हणून केवळरामांची तब्येत सुधारली. राजबंद्यांची खालावली. केवळरामांना सोडा, असा अर्ज पुढे म्हणे राजबंद्यांनीच केला. सरकारची आणि देशभक्तांची इतकी एकवाक्यता त्या वर्षात दुसरीकडे कुठे झाली नसेल. दिवाळीआधी केवळराम सुटले.

सौंदडला गाडीतून उतरले तेव्हा गळ्यात हार पडले. कालपर्यंत त्यांना पाहून वाट बदलणारी माणसे आता पाया पडायला वाट काढत होती. आपण आग लावणार नव्हतो, ते कोडे होते, असे त्यांनी प्रत्येकाला समजावले. पोलिसांचे कान असतील म्हणून असे बोलतात, असे प्रत्येकाने दुसऱ्याला समजावले.

पाच वर्षांनी स्वातंत्र्याचा झेंडा लागला. शाळेपुढे मांडव घालून केवळरामांना खुर्चीवर बसवले आणि दोन शब्द बोलायला लावले. ते उभे राहिले. कागदाच्या टंचाईत साप्ताहिकाने कोडे कधीच बंद केले होते, त्यामुळे सांगायला नवे काही नव्हते. म्हणून ते सरळ म्हणाले, “मी काई केलं नाई. माहा हात नोयता त्याच्यात.”

टाळ्या थांबेनात. मुन्नालाल शेजारच्याला म्हणाला, की बड़ा आदमी ऐसाच बोलतो. केवळरामांनी पुन्हा समजावायला तोंड उघडले, तर बँड सुरू झाला.

घरी जाताना ते बांधावरून पुढे चालत होते. रडवेले झाले होते.

सुमित्राबाई मागून म्हणाल्या, “काऊन सांगत बसले होते? लोकं खुश होऊन रायले होते.”

“पण ते खोटं आहे ना.”

“जेलात तं खरंच होते ना तुमी,” त्या म्हणाल्या आणि धानाच्या रोवण्याला कोणाला बोलवायचे ते विचारू लागल्या.