सभेची गाडी

आमचे घर वेशीपाशी पहिलेच. त्यामुळे विधानसभेला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला गावातले पहिले कुंकू माझ्या हातून लागते. उमेदवार गावात शिरायच्या आधी त्याला ओवाळायचे, ही आमच्याकडची रीत. मला चार माणसांत बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई म्हणतात, "म्हणून तर तू बरी. ओवाळायचं अन् आत यायचं."

पण यंदा मला बोलायचे होते. लेक करमाळ्याला अकरावीत आहे. पावसाळ्यात ओढ्यावरची मोरी खचली आणि सकाळची एसटी बंद झाली. मोरीवरून गाडी जायची नाही, असे डेपोतून सांगितले. लेकीचे बरेच दिवस बुडाले. मग कॉलेजातून निरोप आला, हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसू देणार नाही. हे म्हणाले, "मी रोज सोडाय जायाचं म्हटलं तर उसाला पाणी कोण देणार? राहू दे यंदा घरी."

माझ्या वेळी गावात शाळा चौथीपर्यंतच होती. मीही एका वर्षासाठीच घरी राहिले होते.

पहिले उमेदवार आले, हलगी वाजली. ओवाळून होईपर्यंत माणूस जागचा हलत नाही, तेवढाच वेळ आपला. मी ताट फिरवायला लागले. बोल, असे स्वतःला म्हणत होते. तीन फेऱ्यांचे माझे ओवाळणे सात झाले, नऊ झाले. उमेदवार हात जोडून, डोळे मिटून उभे. हलगीवाला थांबला. सासूबाई मागून हळूच म्हणाल्या, "अगं, देव हाय का त्यो? पुरं कर की!"

तेव्हा एकदम तोंडातून निघाले, "सकाळची एसटी सुरू करा."

"नोंद घ्या रे," उमेदवार म्हणाले. मागच्या माणसाने मोबाइलमध्ये लिहून घेतले.

दोन दिवसांनी समोरच्या पक्षाचे उमेदवार आले. या वेळी मी पाचव्याच फेरीला बोलले. त्यांनीही नोंद घ्यायला सांगितली. नोंद घेणारा माणूस मात्र तोच होता, गळ्यातले उपरणे तेवढे बदलले होते. "ताई, तुमचं लिवलेलं हाय की," म्हणाला, आणि त्याने मोबाइल काढलाच नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वेशीत हॉर्न वाजला. बघते तर एसटी. मला वाटले, नोंद कामाला आली. ड्रायव्हर ओरडला, "चला, करमाळ्याला सभेला बायका न्यायच्यात! आटपा!"

गाडी मोरीवरून कशी आणली, असे मी मनात विचारले. सासूबाईंनी मोठ्याने विचारले.

"मोरीला काय झालंय?" ड्रायव्हर म्हणाला.

मी लेकीला म्हटले, "दप्तर घे."

"आई, मला न्हाय जायचं सभेला."

"सभेला कोण जातंय? कॉलेज सभेच्या मैदानाच्या अलीकडंच हाय की."

सभा संपेपर्यंत तिचे सगळे तास झाले आणि त्याच गाडीने ती घरी आली. लेक सभेला गेली होती म्हटल्यावर यांना बरे वाटले, सभा यांच्या पक्षाची होती. दोन दिवसांनी ती समोरच्या पक्षाच्या सभेला गेली, ते बरे वाटले नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऐकाय काय जातंय?" असे चार दिवस लेकीची हजेरी लागली.

मग दोन्ही पक्षांनी सभा संध्याकाळी ठेवायला सुरुवात केली, आणि सोमवारी सकाळी दहाला लेकीचे प्रॅक्टिकल होते.

शनिवारी एक अपक्ष आले. त्यांच्यामागे माणसे थोडी, हलगीही नव्हती. मी तीनच फेऱ्या केल्या आणि न अडखळता विचारले, "तुमची सभा कधी हाय?"

त्यांना असे कुणी विचारले नसावे. "अजून ठरली नाही, ताई."

"सोमवारी ठेवा. सकाळची. गाडी आठला पाठवा."

"तुम्ही याल?"

"आमच्या घरातलं माणूस नक्की येईल."

ते वळून कार्यकर्त्यांना म्हणाले, "बघा, लोक आपणहून वेळ देतायत. वारं फिरलंय!" मला त्यांची दया आली. म्हणून आणखी दोन फेऱ्या ओवाळले.

सोमवारी आठला एसटी आली. लेक सगळ्यांत आधी चढली. खिडकीतून कुणीतरी तिच्या हातात प्रचाराची टोपी दिली, ती तिने प्रॅक्टिकलच्या वहीत घालून ठेवली.

मतदानाला अजून दहा-बारा दिवस आहेत. ताट घासून मी दारातच ठेवले आहे.