दुसऱ्यांदा बोलावणं

लातुरात क्लासची पोरं वाढली तशा खानावळी वाढल्या. त्यातली एक माझी. तिच्या गच्चीवर माझा धाकटा भाऊ आणि त्याचे तीन मित्र मेटल, म्हणजे रॉकमधलं सगळ्यात दणदणाटी संगीत, वाजवायचे. चौघंही डॉक्टर व्हायला निघालेले. प्रवेश परीक्षेनं हात सोडला, तेव्हा त्यांनी गिटार आणि ड्रम धरले. ड्रमवर भाऊ. गाणारा गायचा असं म्हणवत नाही, घशातून गुरगुरायचा. पण मराठीत, आणि कान देऊन ऐकलं तर शब्द चांगले होते.

आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, अट सरळ होती. "येत्या दिवाळीपर्यंत वाजवा. एका तरी गावानं दुसऱ्यांदा बोलावलं तर पुढचं बोलू. न्हाई तर गुमान मामाच्या डाळमिलवर बसायचं." पहिल्यांदा लोक कुणालाही बोलावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाऊ सांगायचा की जगातले मेटल बँड मोठे झाले ते सतत फिरून. मी म्हटलं, मग फिरा. गच्चीवर ऐकायला कबुतरंच आहेत. माझ्याकडे जेवणारी पोरं गावोगावची. त्यांच्या ओळखीनं शाळांची गॅदरिंग, क्लासचे सत्कार, गणेश मंडळं असं काहीबाही मिळायला लागलं. टेम्पो ठरवणं, फोन घेणं, डबे बांधणं माझ्याकडे. बरेचदा मीही जायची, कारण चौघांपैकी एकालाही मंडळाच्या अध्यक्षाशी धड बोलता येत नव्हतं.

नायगावात विचारलं, "आरती येती का?" यांनी गिटारवर आरती वाजवली. लोकांनी मनापासून टाळ्या धरल्या आणि दुसऱ्या गाण्याला सतरंज्या रिकाम्या झाल्या. मुदखेडला एक म्हातारे शिंपी चाचा पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले. उठताना भावाला म्हणाले, "बेटा, मालगाडी बी अशीच वाजती. पन ती निघून जाती."

भाऊ टेम्पोत खूश. "आक्का, शेवटपर्यंत बसले ना पण!"

फिरण्याचा एक फायदा मला दिसत होता. गच्चीवर हे चौघं चार दिशांना वाजवायचे. डगमगत्या स्टेजवर, येणाऱ्या-जाणाऱ्या विजेवर वाजवून वाजवून ते एकत्र सुरू व्हायला आणि एकत्र थांबायला शिकले. दुसरं बोलावणं मात्र कुठूनच आलं नाही.

गणपतीत औशाकडच्या एका गावचा कार्यक्रम मिळाला. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. सारख्या घरांच्या सरळ ओळी, मधे मोकळं मैदान. मैदानात स्टेज. ऊन उतरल्यावर आवाज तपासायचा म्हणून भावानं कुणाला न सांगता पायानं वाजवायचा मोठा ड्रम सुरू केला. दोन्ही पायांनी, सलग.

घराघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली. आणि लोक बाहेर आले. ओरडाआरडा नाही, धावाधाव नाही. बायकांनी पोरं काखोटीला मारली आणि भिंतींपासून लांब, मैदानात येऊन उभ्या राहिल्या. माणसं गोठ्याकडे गेली आणि त्यांनी जनावरांची दावी सोडली. सगळ्यांना आपापलं काम माहीत असल्यासारखं.

भावाचे पाय थांबले. भूकंपाच्या वेळी तो लहान होता, पण आमच्या घरीही पुढं कितीतरी दिवस अंगणातच झोपणं चाललं होतं. त्याला कळायला वेळ लागला नाही.

अध्यक्ष माझ्याकडे आले. "बाई, कार्यक्रम राहू द्या. सामान भरा."

मी "बरं" म्हटलं. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई, हातात लाटणं तसंच, स्टेजपाशी आली.

"हे वाजत हुतं व्हय?"

"हाव," भाऊ म्हणाला. "चुकलं, मावशी. आधी सांगायला पायजे हुतं."

"मावशी कुनाला म्हन्तो रे? ताई म्हन. अन् वाजीव पुन्हा, बघू दे."

तिनं ड्रमच्या कातड्यावर तळवा टेकवला. भावानं हळूच एक ठोका दिला. मग जरा जोरात. तिनं मागं वळून हाक मारली, "या गं! काय न्हाई, ढोल हाय!"

बायका येऊन हात लावून गेल्या. एक म्हातारबुवा स्टेजच्या फळीवर अनवाणी उभे राहिले. कुणीतरी घरातून ओरडलं, "आता वाजवा, मी भांडी बघतो!" भावानं वाजवलं. "वाजाल्यात! आजून जोरात!" मग घराघरातून हेच सुरू झालं. अंधार पडेपर्यंत अख्खं गाव ड्रमचा जोर आपल्या मांडणीवर तपासत होतं. जनावरं पुन्हा बांधली गेली, अध्यक्षांनीच माइक लावायला सांगितला आणि कार्यक्रम झाला. गाणी त्यांना फारशी आवडली असं मी म्हणणार नाही. पण उठून कुणी गेलं नाही.

नवरात्र संपता संपता अध्यक्षांचा फोन आला. "बाई, कोजागिरीला पोरं पाठवा. जरा दुपारीच येऊ द्या. पावन्यारावळ्यांना बी ढोलाला हात लावून बघायचाय."

मी आण्णांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तेच गाव?"

"तेच."

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "दुपारी बोलावलंय तर सकाळीच निघा. रस्ता खराब हाय."