शेवटच्या कडव्यातलं नाव

गेल्या रविवारी दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत थेट ब्राझील जेवायला आलं... म्हणजे ज्युलिया. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत ती तीन महिन्यांसाठी ट्रेनिंग द्यायला आलीये. तिकडे ती स्वतः गाणी लिहिते आणि गाते, हे मला कॅन्टीनमध्ये कळलं होतं.

जेवणानंतर तिनं एक गाणं म्हटलं. चाल तिच्या गावाकडची, जुनी... शब्द मात्र तिचे, लोकांचे कपडे धुऊन तिला वाढवणाऱ्या आईवरचे. अर्थ तिनं इंग्रजीत सांगितला, मी घरच्यांना मराठीत.

मग आपणही काही कमी नाही, हे दाखवायची मला घाई. आमची घरचीच गायन पार्टी... बाबा गातात, ढोलकीही वाजवतात, आई मागे कोरसला. मी ओवीच्या चालीतल्या गाण्याची फर्माईश केली. तान्हं लेकरू शेजारणीकडे ठेवून कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईचं ते गाणं. दर चौदा एप्रिलला, जयंतीला, वस्ती ते मागून घेते.

बाबांचं गाऊन झाल्यावर ज्युलियानं विचारलं, कुणी लिहिलं? मी छाती फुगवून सांगितलं, माझ्या बाबांनी. आमच्यात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो, आणि तिथं 'किसन सांगे' आहेच की...

बाबांना तेवढं इंग्रजी कळलं. त्यांनी ढोलकी बाजूला ठेवली.

"नाव माझं हाय रं. गाणं तुझ्या आईचं. समदीच गाणी तिची."

पॅकिंगला आई जायची. शेजारणीकडे ठेवलेलं लेकरू मीच होतो. छत्तीस वर्षांचा घोडा झालो, तरी हे कधी डोक्यात शिरलं नाही... अक्कल गहाण ठेवली होती बहुतेक.

मग तुझं नाव का नाही, असं मी आईला विचारलं. ताटं गोळा करता करता ती म्हणाली, "बाईच्या नावाचं गाणं कोन म्हननार व्हतं तवा?"

"तू म्हन. मी कोरस धरतो," बाबा म्हणाले.

आईनं हातातली ताटं खाली ठेवली. मग पहिल्यांदाच पुढं बसून गायली... 'शेवंता सांगे' म्हणताना आवाज कापला, पण सूर सोडला नाही तिनं. ज्युलियाचे डोळे भरले, माझं तर विचारूच नका.

दापोडीकरांनो, इतकी वर्षं आपण ज्याला किसन कवी म्हणत आलो, त्या कवीला मी रोज आई म्हणतो. केवढा अभिमान वाटतोय, सांगता येत नाही. येत्या जयंतीला ते गाणं म्हणाल, तेव्हा नाव नीट घ्या... शेवंता.